संघ गेला, नाव राहिलं

क्लीव्हलँडमध्ये एरी सरोवराच्या काठी 1931 साली म्युनिसिपल स्टेडियम उभं राहिलं. अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा खेळ. त्यातला ‘ब्राऊन्स’ हा संघ 1946 पासून इथे खेळत होता. मैदानाच्या एका टोकाला ‘डॉग पाउंड’ नावाची बैठक होती. तिथले प्रेक्षक कुत्र्यांचे मुखवटे घालून यायचे आणि पाहुण्या संघावर कुत्र्यांची बिस्किटं भिरकावायचे.

आर्ट मॉडेल यांनी 1961 मध्ये हा संघ सुमारे 40 लाख डॉलरना विकत घेतला. पुढे 1973 मध्ये त्यांनी स्टेडियमही शहराकडून भाडेपट्ट्याने घेतलं. बेसबॉलचा ‘इंडियन्स’ संघ त्यांचा पोटभाडेकरू झाला आणि खासगी कक्षांचं उत्पन्न मॉडेल यांच्याकडे येऊ लागलं. हे गणित 1994 मध्ये फिसकटलं. दारू-सिगारेटवरच्या कराच्या पैशांतून बेसबॉलसाठी नवं मैदान आणि बास्केटबॉलसाठी नवं सभागृह बांधलं गेलं, इंडियन्स तिकडे गेले. मॉडेल यांच्याकडे उरली ती जुनाट वास्तू आणि वाढतं कर्ज.

तिकडे बाल्टिमोर संघाविना बसलं होतं. त्यांचा ‘कोल्ट्स’ संघ मार्च 1984 मध्ये रातोरात ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला गेला होता. संघ सरकारने ताब्यात घ्यावा असा कायदा बाल्टिमोरच्या मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात येऊ घातला होता. तो होण्याआधीच मालकाने गाशा गुंडाळला. त्या घावाची भरपाई म्हणून मेरीलँडने लॉटरीच्या पैशांतून 20 कोटी डॉलरचं स्टेडियम देऊ केलं, तेही बिनभाड्याचं. मॉडेल यांनी 6 नोव्हेंबर 1995 रोजी बाल्टिमोरच्या एका पार्किंगच्या जागेत स्थलांतर जाहीर केलं.

दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं. प्रश्न होता, त्याच कराची मुदत वाढवून जुन्या स्टेडियमची दुरुस्ती करायची का? सुमारे 72 टक्के मतदारांनी होकार दिला. संघ हातचा गेल्याचं ठाऊक असूनही लोकांनी कर मान्य केला, ही या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

घरचा शेवटचा सामना 17 डिसेंबरला झाला. ब्राऊन्सने सिनसिनाटीला हरवलं, पण जल्लोष कसला? लोकांनी बाकडी उखडून मैदानात फेकली. सामना संपल्यावर अर्नेस्ट बायनर आणि इतर खेळाडू डॉग पाउंडच्या कठड्यापाशी गेले आणि प्रेक्षकांना कवटाळून रडले.

शहराने भाडेकरार पुढे करून कोर्टात धाव घेतली. फेब्रुवारी 1996 मध्ये तडजोड झाली. मॉडेल यांनी खेळाडू न्यावेत. ब्राऊन्सचं नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलँडचेच राहतील आणि 1999 मध्ये शहराला नवा संघ मिळेल. बाल्टिमोरच्या संघाने ‘रेव्हन्स’ हे नाव घेतलं. संघाचा भूतकाळ गावाच्या मालकीचा असतो, हे प्रेक्षकांचं म्हणणं फुटबॉल लीगला कागदावर मान्य करावं लागलं.

त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या ओहायो राज्याने कायदा केला. लोक त्याला ‘मॉडेल कायदा’ म्हणतात. सरकारी पैशांच्या मैदानात खेळणाऱ्या संघाला हलवायचं असेल, तर मालकाने सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना खरेदीची संधी द्यायची. कोलंबसचा ‘क्रू’ हा सॉकर संघ टेक्सासला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा 2018 मध्ये ओहायोचे महाधिवक्ता माइक डिवाइन यांनी हाच कायदा कोर्टात उभा केला. संघ कोलंबसमध्येच राहिला. तो विकत घेणाऱ्यांत ब्राऊन्सचे सध्याचे मालक हॅझलम कुटुंब होतं.

पुढे याच कुटुंबाने ब्राऊन्सला शहराबाहेर ब्रूक पार्क उपनगरात, सुमारे 240 कोटी डॉलरच्या छताच्या स्टेडियमात न्यायचं ठरवलं. क्लीव्हलँडनेही मॉडेल कायद्याचा आधार घेतला. मात्र 2025 च्या राज्य अर्थसंकल्पाने प्रकल्पाला 60 कोटी डॉलर दिले आणि संघ राज्याबाहेर जात असेल तरच कायदा लागू होईल, अशी दुरुस्तीही केली. त्यावर सही करणारे गव्हर्नर माइक डिवाइनच होते. ऑक्टोबरमध्ये शहराने खटले मागे घेण्याचं कबूल केलं. बदल्यात मालकांनी 10 कोटी डॉलर द्यायचे ठरले. त्यातले 3 कोटी सरोवराकाठचं नव्या संघाचं सध्याचं स्टेडियम पाडण्यासाठी आहेत.