बरोबरीत सुटलेले शेजारी

श्रोतेहो, आपल्या कळवण भागात जत्रेच्या फडात कुस्ती लागली आणि दोघे मल्ल नुसती खडाखडी करीत वेळ काढू लागले, की भोवतालची मंडळी काय करतात, हे तुम्हांला सांगायला नको. पंच कुस्ती सोडवतात आणि पाहणारा हिरमुसून घरी जातो. त्याला निकाली कुस्ती हवी असते. आणि मौज अशी, की बांधाला बांध लागलेल्या दोन गावांचे मल्ल उतरले, म्हणजे हमखास असे होते. लांबच्या मल्लाने चीत केले तर माणूस धूळ झटकून उठतो. शेजारच्या गावाकडून पाठ लागली तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते!

भारत-पाकिस्तान क्रिकेटची पहिली पंचवीस वर्षे समजून घ्यायची, तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पहिली मालिका १९५२ साली आपल्याकडे झाली. फाळणीला अवघी पाच वर्षे झालेली. पण मैदानावरची माणसे एकमेकांना परकी नव्हती. पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ साली इंग्लंडात भारताकडून खेळलेला. त्यांचा अमीर इलाही हाही भारताकडून एक कसोटी खेळून गेलेला. आपले कर्णधार लाला अमरनाथ, तर त्यांची वाढ लाहोरातली! म्हणजे भाऊबंदकीच म्हणा ना.

तरी त्या मालिकेत खडाखडी फारशी नव्हती. दिल्लीला आपले नऊ गडी गेल्यावर पुण्याचे हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद यांनी शेवटच्या जोडीला १०९ धावा केल्या. मग विनू मांकड यांनी दोन्ही डाव मिळून तेरा गडी टिपले, आणि भारत एका डावाने जिंकला. लखनौला मांकड, हजारे, अधिकारी तिघेही नव्हते. तेथे फजल महमूदने तागाच्या चटईवर बारा गडी घेतले आणि डावाने झालेल्या पराभवाची डावानेच परतफेड केली. तिसरा सामना नोव्हेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर. सांगलीचे विजय हजारे नाबाद १४६, पॉली उम्रीगर १०२. भारत दहा गडी राखून विजयी. तीन सामने आणि तिन्ही निकाली!

पुढे मात्र काय झाले पाहा. मद्रास आणि कलकत्त्याचे सामने अनिर्णित राहिले, आणि भारताने मालिका २-१ ने जिंकली. १९५५ साली आपला संघ पाकिस्तानात गेला. पाचही सामने अनिर्णित. पाच सामन्यांची सबंध मालिका अशी जाण्याची जगात ती पहिलीच वेळ. सामने चारच दिवसांचे होते, असे कारण कोणी देतात. पण १९६०-६१ साली भारतात पाच-पाच दिवस मिळाले, तरी पुन्हा पाचही अनिर्णित! धावांना तोटा नव्हता. मुंबईला हनीफ महंमदने १६० केल्या, मद्रासला आपल्या चंदू बोर्डे यांनी नाबाद १७७. तोटा होता तो हरण्याची तयारी ठेवण्याचा. हरलो तर घरी तोंड कसे दाखवावे, ही धास्ती दोन्ही कर्णधारांच्या मानगुटीवर बसली होती, असे माझे मत आहे.

शेजाऱ्यांचे सगळेच खेळ असे जातात असेही नाही. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना १८७२ साली ग्लासगोला स्कॉटलंड आणि इंग्लंड या शेजाऱ्यांतच झाला. एकही गोल झाला नाही. पण पुढच्याच सामन्यात निकाल लागला, आणि त्या दोघांनी शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांना हरवले आणि एकमेकांकडून हारही खाल्ली.

प्रेक्षकांना मात्र ही धास्ती नव्हती, बरे का! १९५५ च्या लाहोर कसोटीसाठी सरहद्द खुली केली, तेव्हा हजारो भारतीय वाघा ओलांडून सामना पाहायला गेले. पुढे १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली, आणि सतरा वर्षे एकही कसोटी झाली नाही. १९७८ साली खेळ पुन्हा सुरू झाला. फैसलाबादला तेरावी सलग बरोबरी झाली आणि लाहोरला पाकिस्तानने आठ गड्यांनी सामना जिंकून ही मालिका एकदाची तोडली.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात फाळणी शिकवताना आणखी एक धावसंख्या फळ्यावर लिहावी : ५७७. मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर. बडोद्याकडून सांगलीचे हजारे आणि लाहोरचे गुल महंमद यांनी चौथ्या जोडीला एवढ्या धावा केल्या : हजारे २८८, गुल महंमद ३१९. पाच महिन्यांनी देश दुभंगला. गुल महंमद १९५२ च्या मालिकेत भारताकडूनच खेळले. पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ साली कराचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून उतरले. १९९२ साली ते लाहोरात वारले, हजारे २००४ साली बडोद्यात. कोणत्याही जोडीसाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. शेवटपर्यंत तो दोघांच्या नावावर मिळून होता.