झाडीतला गडगा

श्रूजबरीत राहणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींनी घरामागच्या झाडीत हा गडगा पाहिला असेल. जेमतेम कमरेएवढा, चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. कोकणातल्या माणसाला तर तो लगेच ओळखीचा वाटतो. पण भर जंगलात हे कुंपण कोणी घातले आणि कशासाठी?

उत्तर सोपे आहे. गडगा घातला तेव्हा तिथे जंगल नव्हते, शेत होते.

हा मुलूख मूळचा निपमक लोकांचा. क्विन्सिगामंड तलावाचे नाव त्यांच्याच भाषेतले. पुढे इंग्रज वसाहतवाले आले आणि १७२७ मध्ये श्रूजबरीला गावाचा दर्जा मिळाला. त्यांनी झाडे तोडून जमीन मोकळी केली. हिमयुगातल्या बर्फाने इथल्या मातीत दगड भरून ठेवलेच होते. झाडांचे आच्छादन गेल्यावर माती खोलवर गोठू लागली आणि दर वसंतात नवे दगड वर येऊ लागले. शेतकऱ्याने ते बैल लावून ओढत नेले आणि बांधावर रचले.

एवढे कष्ट करूनही कर्ज सुटले नाही. स्वातंत्र्ययुद्धानंतर कर आणि देणी रोख पैशांत मागितली जाऊ लागली. जमिनी जप्त होऊ लागल्या, शेतकरी तुरुंगात गेले. ५ सप्टेंबर १७८६ रोजी वूस्टरला हत्यारबंद शेतकऱ्यांनी कोर्टाची वाट अडवली. त्यांच्यासमोर उभे राहिलेले न्यायाधीश होते आपल्याच गावचे जनरल आर्टेमस वॉर्ड. त्यांचे घर आजही मेन स्ट्रीटवर आहे. हेच शेज यांचे बंड. १७८७ मध्ये ते मोडून काढले गेले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी सावकारांचे कर्जरोखे जाळणाऱ्या कुणब्यांची इथे आठवण होते. देश वेगळा, काळ वेगळा, दुखणे तेच.

१८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला, मग रेल्वे आली. पश्चिमेकडचे स्वस्त धान्य इथे येऊ लागले. तिकडची जमीन सपाट, बिनदगडाची. तरुण तिकडे गेले, नाहीतर गिरण्यांत लागले. शेते ओस पडली आणि पडीक रानात पाइन उगवले. एकेकाळी निम्म्याहून अधिक जंगल गमावलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आज पुन्हा निम्म्याहून अधिक जमीन झाडीखाली आहे.

मागोमाग जनावरे परतली. राज्यातली रानटी टर्की १८५१ च्या सुमारास नाहीशी झाली होती. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून बर्कशायर भागात सोडले. तिथे वाढलेल्या पक्ष्यांतून पुढे राज्यभर टर्की पसरवल्या गेल्या. सकाळी ड्राइव्हवेवर रुबाबात फिरणारा थवा त्यांच्याच वंशातला. बीव्हरही असाच शतकाहून अधिक काळाने, १९२८ मध्ये पुन्हा दिसला.

२०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती ३८ हजारांवर गेली. शेतीने तोडलेले जंगल परत आले, कारण जमीन पडीक राहिली. घरे आणि रस्ते यांखाली गेलेली जमीन तशी परत मिळत नाही, आणि त्या घरांत आपलीही घरे आहेत. तेव्हा आपल्या आवारात गडगा असेल तर लॉनसाठी तो हलवू नये. मुलांना एकदा तिथे न्यावे आणि हे शेत कोणाचे होते ते सांगावे.