तिन्हीसांजेला लाल जास्वंद काळपट का दिसते?

दुपारच्या उन्हात कुंपणावरची लाल जास्वंद लांबूनही उठून दिसते. तिन्हीसांजेला त्याच झाडाकडे पाहिलं तर फूल काळपट आणि पानं त्याहून उजळ वाटतात. फूल तेच असतं, बदललेलं असतं ते आपल्या डोळ्यांचं काम.

या बदलाला ‘पुर्किन्ये परिणाम’ म्हणतात. बोहेमियातले (आजचा चेक प्रजासत्ताक) शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये त्याबद्दल लिहिलं.

असं का होतं?

डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक उजेडात कामाला येतात, पण त्यांना रंगांतला फरक कळत नाही. शंकुपेशींना पिवळसर-हिरवा प्रकाश सर्वांत चांगला जाणवतो, तर दंडपेशींना निळसर-हिरवा. लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही. दिवेलागणीला काम हळूहळू शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जातं आणि लाल रंग सर्वांत आधी विझतो.

रस्त्यावर धोका कुठे?

मुंबईत सूर्यास्तानंतर साधारण २२ ते २५ मिनिटांत संधिप्रकाश ओसरतो. डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला मात्र अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो, त्यात समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर आला की हा सराव पुन्हा मोडतो. अशा वेळी मरून साडी किंवा लाल शर्ट घातलेली व्यक्ती डांबरी रस्त्याच्या रंगात मिसळून जाते. पायी चालणाऱ्याला गाडीचे दिवे लांबून दिसतात. त्यामुळे ‘मला गाडी दिसतेय, म्हणजे ड्रायव्हरलाही मी दिसतोय’ असं त्याला वाटतं. हा समज जीवघेणा ठरू शकतो. संध्याकाळी फिरायला निघताना पांढरे किंवा फिकट पिवळे कपडे, आणि शक्य असेल तर प्रकाश परतवणारी पट्टी, हा साधा उपाय आहे.

मग सिग्नल लाल कसा चालतो? कारण तो स्वतः प्रकाश देतो आणि शंकुपेशींना तेवढा उजेड पुरतो. नुसत्या लाल रंगाला ती सोय नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या काही शहरांनी अग्निशमन दलाच्या गाड्या लालऐवजी पिवळसर-हिरव्या रंगवल्या. आपल्याकडचे बंब बहुतेक ठिकाणी अजून लालच आहेत.