सोनखतापासून सेंद्रिय शेतीपर्यंत

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत वसतिगृहाचा अहवाल, देणगीदारांची यादी आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच होय. परंतु ज्या कर्मामुळे माळी समाज माळी म्हणून ओळखला गेला, त्या बागाइतीचा इतिहास आम्ही क्वचितच लिहितो. नागपुरातील नंदनवन भागात राहणाऱ्या आम्हां मंडळींस ही उणीव विशेष जाणवते. वसाहतीस नाव इंद्राच्या उद्यानाचे आहे. परंतु 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत शहर वाढत गेले, कडेच्या शेतांचे भूखंड पडले आणि वाफ्यांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

‘सेंद्रिय शेती’ हा शब्द नवा असला, तरी जमिनीतून घेतलेले जमिनीस परत करावे हे तिचे मूळ तत्त्व आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होते. शेणखत, लेंडीखत, राख, तागाचे हिरवे खत आणि सर्वांत जोरकस ते सोनखत, यांवर शहरालगतचे मळे पोसले गेले. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ते सोनखत ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांच्यावर हे काम जातीच्या जुलमाने लादलेले होते. आपल्या मळ्यांच्या वैभवात त्यांच्या अपमानित श्रमांचा वाटा होता, हे ऋण मान्य केल्यावाचून जुन्या शेतीचा गौरव करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या विषयाचा पहिला मोठा विचार आपल्याच समाजातील महापुरुषाने मांडला. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरावरील कुजलेल्या पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर वाहून जाऊ नये, ताली व बंधारे बांधून ते शेतांत मुरवावे, असे सुचविले. जंगलखात्याने गायराने बळकावल्याने शेतकऱ्यांच्या गुरांचे कसे हाल झाले, हेही त्यांनी दाखविले. गुरे घटली की खत घटते, हे सांगावयास नकोच. पुढे 1893 साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. व्होएल्कर यांच्या सरकारी अहवालानेही कबूल केले की, हिंदी शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून.

खतनिर्मितीस शास्त्रीय रूप आले ते होळकरांच्या इंदुरात. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात प्रयोग केले. पिकांचे अवशेष व तण यांचे थर द्यावयाचे, त्यांवर शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख घालावयाची, पाणी शिंपडावयाचे आणि ढीग तीन वेळा उलथावयाचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. 1931 साली या पद्धतीवर जो इंग्रजी ग्रंथ निघाला, त्याचे सहलेखक यशवंत वाड हे होते. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. वाड यांचे नाव मात्र आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही. नागपूरच्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना महात्मा गांधींनी 1935 साली ‘हरिजन’ पत्रातून याच पद्धतीचा पुरस्कार केला.

पुढे 1960 नंतरच्या हरितक्रांतीबरोबर गोणीतले खत आले. धान्याची टंचाई भोगलेल्या देशाने ते स्वीकारले, याबद्दल कोणास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु गोणी दारात आली आणि उकिरड्याची प्रतिष्ठा गेली, हेही खरे.

आता नंदनवनाकडे परत येऊ. याच पूर्व नागपुरातून नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन पुढे वाहते आणि खालच्या अंगास त्याच पाण्यावर भाजीपाला पिकतो. त्या पाण्यात पिकास उपयोगी नत्र असते, तसेच जंतांची अंडी आणि कारखान्यांतील जड धातूही असू शकतात. रासायनिक खत घातले नाही एवढ्यावरून अशा भाजीस सेंद्रिय म्हणता येईल काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र याचा दोष पिकविणाऱ्याच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. पाणी त्याने घाण केलेले नाही. ते आम्ही शहरवासीयांनी केले आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती इतकीच. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले. परंतु माळ्याच्या घरी त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. भाजीची देठे, फळांच्या साली व निर्माल्य यांचे खत अंगणात, गच्चीवर किंवा कुंडीत सहज होते. आपल्या समाजाच्या मंगल कार्यांत पंगती उठल्यावर जे उरते, त्याचेही खत करून गावाकडील मळ्यांस पोहोचविता येईल. जमिनी गेल्या, त्या परत येणार नाहीत. परंतु मातीचे मातीस परत करण्याची रीत आपल्या हाती आहे, आणि ती या वेळी कोणाच्याही डोक्यावर ओझे न देता पाळता येते.