काशीतील रुग्णनोंद : पर्च्यापासून आभा क्रमांकापर्यंत

वाराणसीत रुग्णाची सविस्तर लेखी नोंद ठेवण्याची रीत मोठ्या रुग्णालयांबरोबर रुजली. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय १९२६ साली ९६ खाटांनिशी सुरू झाले. विश्वविद्यालयाचे पहिले कुलगुरू सर सुंदरलाल यांचे नाव त्याला दिलेले आहे. १९६० साली विश्वविद्यालयाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. डॉ. के. एन. उडुपा त्याचे पहिले प्राचार्य. १९७१ साली त्याचे आयुर्विज्ञान संस्थेत रूपांतर झाले. पूर्वांचलचे जिल्हे, पश्चिम बिहार, झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेशाचा लगतचा भाग आणि नेपाळची तराई, एवढ्या मुलखातून इथे रुग्ण येऊ लागले आणि आजही येतात. इथल्या रुग्णालयातला रुग्ण पुष्कळदा इथला नसतो. शहरातल्या नोंदव्यवस्थेचा पुढचा इतिहास या एका गोष्टीने घडवला.

परगावच्या रुग्णाची नोंद आपसूकच दोन ठिकाणी विभागली गेली. आंतररुग्णाची जाड फाइल रुग्णालयाच्या दप्तरखान्यात राही. बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर, ज्याला तिकडे पर्चा म्हणतात, तो मात्र रुग्णाच्या हाती. पर्चा, रक्ताच्या तपासण्या, एक्स-रेची मोठी पाकिटे, डिस्चार्जचा कागद हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत भरून माणसे बलिया, गाझीपूर, भभुआहून रेल्वेने किंवा बसने येत. पिशवी हरवली, पावसात भिजली, की तपासण्या पुन्हा कराव्या लागत आणि खर्चही पुन्हा होई. तरीही या पिशवीला नावे ठेवताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ती पूर्णपणे रुग्णाच्या मालकीची होती. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. संगणकाने सुबकपणा आणला तेव्हा ही मालकी काही काळ हातची गेली, आणि ती परत मिळवण्यासाठी कायदे व नियम करावे लागले.

रुग्णालयात राहिलेल्या फाइलवर रुग्णाचा हक्क किती, याबद्दल बराच काळ संदिग्धता होती. गोपनीयतेचे कारण सांगून कागद नाकारले जात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रुग्णाला किंवा त्याच्या नातलगांना केसपेपरच्या प्रती देण्यात काही गैर नाही असे ठरवले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनी ही गोष्ट देशभर लागू केली: आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे जपावी, मागणी आल्यास ७२ तासांत द्यावी. त्याच नियमांत एक छोटे कलम आहे, की नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, एवढेच.

परदेशात हा प्रयत्न तोवर जुना झाला होता. एका रुग्णाची एकच फाइल आणि एकच क्रमांक ही कल्पना अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९०७ साली हेन्री प्लमर यांनी अमलात आणली. त्याआधी प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत लिहीत असे. १९६८ साली लॉरेन्स वीड यांनी नोंद तारखेपेक्षा रुग्णाच्या तक्रारींप्रमाणे लावावी असे मांडले. ही मांडणी संगणकाला मानवणारी होती. १९७२ साली इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ संस्थेत रुग्णनोंदीची संगणक प्रणाली सुरू झाली. उत्तर प्रदेशात लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने रुग्णालयाचा कारभार संगणकावर आला. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-हॉस्पिटल प्रणाली सरकारी रुग्णालयांत पसरली आणि १ जुलै २०१५ पासून घरबसल्या नोंदणीची ऑनलाइन सोय झाली.

या सगळ्यात एक क्रम दिसतो. भारतीय रुग्णालयांत संगणक आधी नोंदणीच्या आणि पैसे भरण्याच्या खिडकीवर आला, मग प्रयोगशाळेत, मग एक्स-रे विभागात. डॉक्टरच्या टेबलावर तो सर्वांत शेवटी पोचला, आणि अनेक ठिकाणी अजून पोचलेला नाही. याचे कारण आळस नव्हे. सकाळच्या गर्दीत एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. तेवढ्यात तपासायचे, समजावायचे आणि शिवाय टंकायचे, हे होत नाही. हाताने दोन ओळी लिहिणे जलद पडते. म्हणून पावती संगणकाची आणि निदान हस्ताक्षरातले, अशी सरमिसळ वर्षानुवर्षे चालली.

वाराणसीच्या रुग्णनोंदीचा दुसरा धागा मुंबईत, परळला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाचा उपचार वर्षानुवर्षे चालतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांचा मागचा हिशेब नसेल तर पुढचा डोस ठरवता येत नाही. त्यामुळे रुग्णाचा एकच फाइल क्रमांक ही तिथली मूळ शिस्त होती आणि संगणकीकरण त्याच क्रमांकावर उभे राहिले. पूर्वांचलचे रुग्ण महानगरी किंवा कामायनी एक्स्प्रेसने मुंबई गाठत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या फूटपाथवर राहत, आणि गावी परतल्यावर त्यांची फाइल मागे मुंबईत राही. बनारसच्या डॉक्टरला हाती असलेल्या सारांशावर भागवावे लागे.

मुंबईने आणखी एक गोष्ट दिली: कर्करोग नोंदवही. एका रुग्णाची फाइल आणि एका प्रदेशाची नोंदवही या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उपचारासाठी असते. दुसरी त्या प्रदेशात दरवर्षी किती जणांना कोणता कर्करोग होतो हे मोजण्यासाठी. भारतातील पहिली अशी नोंदवही इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दा. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत सुरू केली. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम आखला, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदवही निघाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कर्मचारी स्वतः फिरत. गावात कोणाला गाठ आहे, कोण मुंबई-पुण्याला जाऊन आले, कोण वारले, याची विचारपूस करत. कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयाच्या दप्तरात येईलच अशी खात्री नव्हती.

पुढे परळचे रुग्णालय चालवणाऱ्या टाटा स्मारक केंद्राने वाराणसी जिल्ह्याचीही अशी लोकसंख्याधारित नोंदवही सुरू केली आणि तिच्या पहिल्या अहवालासाठी २०१७ हे वर्ष धरले. कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा, मृत्युनोंदणी कार्यालये आणि खेडी येथून माहिती गोळा करतात, कारण रुग्णालयांनी स्वतः कळवावे अशी देशव्यापी सक्ती नाही. इथे काशीचे वेगळेपण आडवे येते. नोंदवहीच्या नियमाप्रमाणे जिल्ह्यात किमान एक वर्ष राहिलेलाच माणूस मोजायचा. पण सुंदरलाल रुग्णालयातले पुष्कळ रुग्ण परजिल्ह्यातले किंवा परराज्यातले. उपचारासाठी नातलगाकडे येऊन राहिलेले पत्ता नातलगाचाच देतात. शिवाय मरणासाठी काशीला येणारे वेगळेच. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर ज्यांचे दहन होते त्यांतले कितीतरी बाहेरचे असतात. गोदौलियाजवळच्या काशीलाभ मुक्तिभवनासारख्या ठिकाणी तर अखेरचे दिवस काढायलाच माणसे येतात. शहरातल्या मृत्यूंचा आकडा जसाच्या तसा घेतला, तर वाराणसी हे देशातले अत्यंत रोगट शहर ठरेल. म्हणून या नोंदवहीत निदानाइतकाच, किंबहुना थोडा जास्त, महत्त्वाचा रकाना पत्त्याचा आहे.

दुसरी अडचण नावाची. रामदुलारी, फूलमती, सीता देवी अशी नावे शेकड्यांनी येतात. आडनाव नसते, जन्मतारीख नसते, वय अंदाजाने सांगितलेले असते. एकाच बाईची नोंद एका रुग्णालयात पतीच्या नावासह, दुसऱ्यात मुलाच्या नावासह होते. हिंदीतले नाव रोमन लिपीत टंकताना प्रत्येक कारकून वेगळे टंकतो. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे संगणक सुचवू शकतो, पण नक्की कोणी तरी माणसानेच करावे लागते. नोंदवहीतून जे चित्र उभे राहिले ते डॉक्टरांच्या अनुभवाशी जुळणारे आहे: पुरुषांत तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग अग्रणी, आणि गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे ओझे दक्षिणेकडच्या राज्यांपेक्षा जास्त.

उपचाराची फाइलही लवकरच मुंबईहून काशीला आली. लहरतारा येथील रेल्वेचे कर्करोग रुग्णालय टाटा स्मारक केंद्राने हाती घेतले आणि २०१८ साली ते होमी भाभा कर्करोग रुग्णालय म्हणून सुरू झाले. विश्वविद्यालयाच्या आवारातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. रुग्णांना मुंबईची गाडी पकडण्याची गरज कमी झाली. परळचेच केंद्र दोन्ही रुग्णालये चालवत असल्याने उपचाराची आणि नोंदीची शिस्तही तिथलीच आली.

पण एका संस्थेची फाइल दुसऱ्या संस्थेला वाचता यावी, तर दोघांची परिभाषा एक हवी. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदीची मानके २०१३ साली जाहीर केली आणि २०१६ साली सुधारली. रोग आणि लक्षणांना संकेतांक देणाऱ्या स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, आणि या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. एक्स-रे आणि स्कॅनच्या बाबतीत काम सोपे होते, कारण यंत्रनिर्मात्यांनी १९९३ पासूनच डायकॉम हे समान स्वरूप स्वीकारले होते.

सर्वसामान्य माणसाला स्वतःची आरोग्यनोंद फोनवर पहिल्यांदा दिसली ती बहुधा २०२१ मध्ये, कोविनवरच्या लसीच्या प्रमाणपत्राच्या रूपाने. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू झाले. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याची चाचणी झाली होती. महिन्याभराने, २५ ऑक्टोबरला, आरोग्याच्या पायाभूत सुविधांसाठीची ६४,१८० कोटी रुपयांची योजना पंतप्रधानांनी वाराणसीतूनच सुरू केली.

डिजिटल अभियानाचा गाभा म्हणजे आभा हा १४ अंकी क्रमांक. तो ऐच्छिक आहे. सगळ्या नोंदी दिल्लीतल्या एखाद्या महाकाय संगणकात जातात हा समज चुकीचा आहे. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. आभा क्रमांकाने ती फक्त जोडली जाते. दुसऱ्या रुग्णालयाने मागितली तर रुग्णाच्या फोनवर विनंती येते, आणि कोणत्या नोंदी, किती मुदतीसाठी द्यायच्या हे त्याने मंजूर केल्यावरच त्या पाठवल्या जातात. ऑक्टोबर २०२२ पासून रुग्णालयाच्या दारातला क्यूआर कोड फोनने वाचून नोंदणीचे टोकन घेण्याची सोय आली. लोकांनी ती पटकन उचलली, कारण तिचा फायदा डोळ्यांसमोर होता: रांग कमी.

संमतीची ही व्यवस्था प्रत्येकाकडे स्वतःचा फोन आहे असे धरून चालते. पूर्वांचलच्या अनेक घरांत एक क्रमांक पाच जणांचा असतो आणि फोन मुंबईत किंवा सुरतेत कामाला गेलेल्या मुलाकडे असतो. मग सासूच्या नोंदीला संमती कोण देतो? सुरक्षिततेचा प्रश्न २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये उघडा पडला. सायबर हल्ल्याने तिथली ई-हॉस्पिटल प्रणाली ठप्प झाली आणि सुमारे दोन आठवडे कारभार कागदावर चालवावा लागला. आरोग्यमाहितीसाठी २०१८ साली आखलेला स्वतंत्र कायद्याचा मसुदा पुढे सरकला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आरोग्यमाहितीला वेगळा, अधिक संवेदनशील वर्ग देत नाही. आधीच्या विधेयकात तो होता.

जुने कागदही व्यवस्थेत घेण्याची वाट आहे: पर्च्याचा फोटो काढून आभाच्या ॲपमध्ये चढवता येतो. डॉक्टर तो वाचू शकतो. पण त्या फोटोतले हस्ताक्षरातले निदान संकेतांकात उतरलेले नसते, त्यामुळे ते शोधता येत नाही, मोजता येत नाही आणि नोंदवहीच्या कर्मचाऱ्याला ते पुन्हा हातानेच उतरवून घ्यावे लागते.