शिरगावचे लोह आणि सागरावरची हिरवी काच

डिचोली तालुक्यातील शिरगाव हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. वैशाख शुद्ध पंचमीची लैराई देवीची जत्रा आणि होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारे धोंड यांमुळे ते सर्वतोमुखी झाले. लोहखनिजामुळे व्यापाऱ्यांना ठाऊक झाले. मासेमारीच्या जाळ्यांना बांधीत त्या काचेच्या पोकळ गोळ्यांशी अशा गावाचा संबंध जोडला, तर श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु त्या गोळ्यांचा हिरवा रंग बहुधा लोहाचाच असतो. वाळूत आणि जुन्या बाटल्यांच्या काचेत लोहाचा अल्प अंश असतो, तोच भट्टीत हिरवी छटा देतो. ज्या धातूने शिरगावची माती तांबडी केली, त्यानेच सागरावरची काच हिरवी केली! कोबाल्टने निळा व मँगनीजने जांभळा रंग येतो. तसे गोळे विरळा, म्हणून संग्राहक ते अधिक मोलाचे मानतात.

हे गोळे प्रथम नॉर्वेत, १८४२ च्या सुमारास झाले. बर्गेनचे व्यापारी क्रिस्टोफर फाये यांनी हाडेलांड येथील काचकारखान्याच्या साहाय्याने ते करविले. कारागीर नळीने फुंकून गोळा फुगवी, नळी वेगळी करी आणि उरलेले छिद्र वितळलेल्या काचेच्या टिकलीने बुजवी. काही कारखाने तिच्यावर आपली मुद्रा उठवीत. १९१० च्या सुमारास जपानने ही विद्या उचलली. जाळ्यांतून सुटलेले असंख्य गोळे उत्तर पॅसिफिकच्या प्रवाहांतून अलास्का, वॉशिंग्टन, ओरेगॉनच्या किनाऱ्यांना लागले. तेथे ते वेचण्याचा छंद इतका फोफावला की, अमॉस वुड यांनी १९६७ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पुढे प्लास्टिक आले आणि काचेचा गोळा जाळ्यातून दिवाणखान्यात गेला. आज शोभेच्या नकलाही पुष्कळ विकल्या जातात. अस्सल गोळा ओळखावा तो काचेतील बुडबुड्यांवरून, टिकलीवरून आणि दोरीने व वाळूने झालेल्या झिजेवरून. ही झीज म्हणजे त्याच्या श्रमाची साक्ष होय.

मग आपल्या किनाऱ्याची साक्ष कोठे आहे? गोव्याच्या रापणीच्या जाळ्याला हलक्या लाकडाचे तरंगे असत. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडावयाचे, दोन्ही टोके साऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढावयाची आणि मासळी वाटून घ्यावयाची, असा तो सामुदायिक व्यवहार. यांत्रिक ट्रॉलर आल्यावर १९७० नंतरच्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन केले. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. कायदा दप्तरात राहतो. लाकडाचा ओंडका मात्र सहज चुलीत जातो.

बाणावलीच्या 'गोवा चित्र' संग्रहालयाने जुनी अवजारे जतन करण्याचा पायंडा घातला आहे. त्याच दृष्टीने किनाऱ्यावरील घराघरांतील माळे पाहिले पाहिजेत. परदेशी काचेचा गोळा कपाटात ठेवण्यास हरकत नाही. परंतु त्याच्या शेजारी रापणीचा एक झिजलेला लाकडी तरंगाही असावा, आणि तो कोणत्या गावच्या जाळ्याचा, हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे. ते सांगू शकणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.