गाविलगडच्या वाटा काय सांगतात?

वाशीमच्या पठारावरचे पावसाचे पाणी दोन दिशांना वाटले जाते. पैनगंगा ते बंगालच्या उपसागराकडे नेते, तर काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेत, म्हणजे पुढे तापीतून अरबी समुद्राकडे. काटेपूर्णेच्या दिशेने निघालो की पूर्णेचे सपाट खोरे लागते आणि पलीकडे सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. तेथे भूकवचात प्रस्तरभंग आहे. दक्षिणेचा भाग खचला व गाळाने भरला. उत्तरेचे बेसाल्टचे थर उंच राहिले. या उंच कडेवर नरनाळा आणि गाविलगड आहेत.

गाविलगड मैदानातून जवळ दिसतो. पण तेथला उभा चढ अवजड तोफांना चढवता येत नाही. उत्तरेची बाजू मात्र पठाराला जोडलेली आहे. म्हणून डिसेंबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने अचलपूरहून लबाड्यापर्यंत सुमारे ३० मैलांचा वळसा घेतला. डोंगरात वाट तयार करत तोफा बहुतेक अंतर हातांनी ओढून नेल्या. १५ डिसेंबरला भोसल्यांचा हा किल्ला पडला. इतिहासात नाव राहिले ते सेनापती वेलस्लीचे.

पायवाटा मात्र चढउतार आणि पाणी ओळखणाऱ्या गवळी व कोरकू लोकांच्या पायांनी टिकल्या. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे जंगलातील काही गावे बाहेर वसवली गेली. वन्यजीवांना मोकळी जागा हवीच. परंतु वापर थांबला की वाट बुजते, आणि तिचे नावही विसरले जाते. विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांकडून जुन्या वाटांची नावे विचारून ती समोच्च रेषांच्या नकाशावर मांडावीत. हा इतिहास आपण अजून लिहून ठेवू शकतो.